छायाचित्रांतील जुने जपान

चिलखत ल्यालेला सामुराई, कागदी छत्रीखाली उभी किमोनोधारी युवती, डोली वाहणारे भोई! जुन्या जपानचे जे चित्र आपल्या मनावर ठसले आहे, त्याच्या घडणीत परकीय छायाचित्रकारांचा वाटा मोठा आहे. त्यांतील एक अग्रणी म्हणजे फेलिचे बेआतो. व्हेनिस येथे जन्मलेला हा गृहस्थ १८५८ साली लखनौच्या उद्ध्वस्त वास्तू टिपून पुढे १८६३ साली योकोहामास पोहोचला.

त्या काळी काचेवर रासायनिक लेप देऊन तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे व धुवावे लागे. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तोवर माणसाने निश्चल राहावयाचे. शिवाय परकीयांस बंदरापासून सुमारे ४० किलोमीटरांपलीकडे परवान्यावाचून जाण्यास मज्जाव होता. साहजिकच लोकजीवनाची पुष्कळ दृश्ये चित्रशाळेतच मांडली जात. मग जपानी कलाकार त्यांत हाताने रंग भरीत. अशा रंगकाऱ्यांपैकी कुसाकाबे किंबेई याने पुढे स्वतःचीच चित्रशाळा थाटली.

१८७२ साली योकोहामास आगगाडी धावू लागली. १८७६ साली सामुराईंच्या तलवारींवर बंदी आली. तरीही परदेशी ग्राहकांसाठीच्या संग्रहांत शस्त्रधारी वीर मिरवीतच राहिले!

म्हणून ही चित्रे खोटी ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांतील वस्त्रे व अवजारे जुन्या जपानची साक्ष देतात. मात्र छायाचित्र समोरची वस्तू दाखविते. ती तेथे कोणी व कोणासाठी ठेवली, हे सांगत नाही. तो प्रश्न पाहणाऱ्यानेच विचारावयाचा असतो.