समुद्राचे पंचांग आणि दुष्काळाची फाईल

एप्रिल-मे महिन्यांत केरळ-लक्षद्वीप परिसरातील समुद्र जगातील सर्वांत उष्ण सागरी भागांत गणला जातो. पृष्ठभागाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. जूनमध्ये मोसमी वारे जोर धरतात, पाणी घुसळले जाते, सोमालियाच्या किनाऱ्याशी खोलवरचे थंड पाणी वर येते आणि ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र निवतो. बंगालच्या उपसागराचे तसे होत नाही. नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी तेथे हलक्या थरासारखे पसरते. खालचे थंड पाणी त्यात सहजी मिसळत नाही. त्यामुळे तो पावसाळाभर बहुधा २८ अंशांच्या वर राहतो आणि ओडिशा ते मध्य भारत भिजवणारी कमी दाबाची क्षेत्रे तेथे जन्म घेतात.

हे ऋतुचक्र दूरच्या पॅसिफिकशीही बांधलेले आहे. १८७६-७८च्या दुष्काळात मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्यात लक्षावधी माणसे दगावली. हवामान खाते १८७५ साली नुकतेच स्थापन झाले होते. विषुववृत्तीय पॅसिफिक अतोनात तापला आहे, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्या राजवटीकडे नव्हता. १९०४ मध्ये भारतात आलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी हवेच्या दाबाच्या नोंदींतून पॅसिफिक व हिंदी महासागरांमधील दोलन शोधले. समुद्राच्या तापमानाशी त्याचा असलेला संबंध १९६०च्या दशकात स्पष्ट झाला.

मात्र हे ज्ञान निश्चितीचे नव्हे, संभाव्यतेचे आहे. १९९७ मध्ये एल निनो अतितीव्र असूनही देशात सरासरीइतका पाऊस पडला. २००२ मध्ये तो मध्यम होता, तरी पाऊस सुमारे १९ टक्क्यांनी घटला आणि जुलै महिना जवळजवळ निम्म्यावर आला. पश्चिम आणि पूर्व हिंदी महासागराच्या तापमानांतील तफावतही पावसावर प्रभाव टाकते, हे १९९९च्या संशोधनाने दाखवले.

प्रशासनाची खरी अडचण येथेच आहे. हवामान विभागाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार खरिपाचा दुष्काळ जाहीर करण्याची मुदत ३० ऑक्टोबर आहे. घोषणेसाठी पुरावा हवाच, कारण तिच्यामागे तिजोरी असते. पण तयारीसाठीही घोषणेची वाट पाहण्याची सवय आम्हा अधिकाऱ्यांना जडली. अंदाज चुकला तर जाब कोण देणार, या भीतीने फाईल टेबलावरच राहते. तोवर शेतकऱ्याने दुबार पेरणी केलेली असते आणि जनावरे बाजारात गेलेली असतात.

म्हणून घोषणा आणि तयारी यांची फारकत करावी. तुटीची संभाव्यता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की कमी मुदतीच्या वाणांचे बियाणे, चारा आणि रोजगार हमीच्या कामांची यादी मे महिन्यातच सज्ज व्हावी. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने जिल्हानिहाय आपत्कालीन पीक आराखडे तयार केलेले आहेत. हवी आहे ती त्यांना वेळेवर हात घालण्याची मुभा. पाऊस चांगला झाला तर साठवलेला चारा पुढच्या उन्हाळ्यात कामी येईल. १८७७च्या अधिकाऱ्यांना अज्ञानाची सबब होती; आपल्याला ती नाही.