वकिलीचीं पहिलीं वर्षें

अकोल्याच्या जठारपेठेंत एखाद्या घरावर वकिलाच्या नांवाची नवी पाटी लागली, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांस वाटतें कीं, मुलाचें शिक्षण संपलें आणि मिळकत सुरू झाली. यांतील पहिलें अनुमान अर्धेंच खरें असतें. दुसरें बहुधा मुळींच खरें नसतें. पदवी आणि सनद हातीं आल्यावर त्या तरुणाच्या आयुष्यांत जो काळ सुरू होतो, तो कोणत्याहि परीक्षेहून कठीण असतो. रोज काळा कोट घालून तो न्यायालयांत जातो, बाररूममध्यें बसतो, ज्येष्ठ वकिलाच्या मागें कागदांचा गठ्ठा घेऊन उभा राहतो, तारखा मागून घेतो, आणि सायंकाळीं पुष्कळदां रिकाम्या खिशानें घरीं परततो. हा काळ काढण्याचें सामर्थ्य ज्याच्या घरीं असतें तो टिकतो. ज्याच्या घरीं तें नसतें तो बुद्धिमान् असूनहि नोकरीच्या शोधास लागतो. वकिलीच्या धंद्याचें समाजशास्त्राच्या दृष्टीनें जें संशोधन झालें आहे, त्याचें मर्म समजून घ्यावयाचें तर या पहिल्या वर्षांपासूनच आरंभ केला पाहिजे.

वऱ्हाडांत हा धंदा कसा रुजला हें पाहिलें म्हणजे प्रश्नाचें स्वरूप स्पष्ट होतें. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढें आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, जमिनीला किंमत आली, आणि सावकार व शेतकरी यांचे दावे नव्या न्यायालयांत उभे राहूं लागले. लेखी पुरावा, मुद्रांकाचा कागद आणि परकी भाषा यांवर चालणाऱ्या या न्यायदानांत शेतकऱ्याला स्वतःची बाजू स्वतः मांडणें दुरापास्त होतें. त्याच्या वतीनें बोलणारा एक नवा वर्ग तयार झाला. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टानें या वर्गांत प्लीडर, मुखत्यार, रेव्हिन्यू एजंट अशा पायऱ्या लावून दिल्या.

याच वर्गांतून वऱ्हाडचे अनेक सार्वजनिक पुढारी निर्माण झाले. १८९७ सालीं अमरावतीस राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे वकील होते, आणि सभेचे अध्यक्ष सी. शंकरन नायर हेहि मद्रासचे वकीलच होते. अमरावतीचे दुसरे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांना १९१२ सालीं बांकीपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद मिळालें. अशीं नांवें घेतलीं म्हणजे वकिली हा बुद्धिमंतांचा राजमार्ग होता असें वाटूं लागतें. परंतु या मंडळींचीं चरित्रें बारकाईनें पाहिलीं असतां आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. खापर्डे १८८४ सालीं एल्एल्. बी. झाले, त्यानंतर कांहीं वर्षें त्यांनीं वऱ्हाडांत सरकारी नोकरी केली आणि १८९० सालीं ती सोडून अमरावतीस वकिली मांडली. वणीचे माधव श्रीहरि अणे यांनीं आधीं अमरावतीस शिक्षकाचें काम केलें. १९०८ सालीं त्यांनीं यवतमाळास वकिली आरंभिली. दोघांच्याहि पायांखालीं वकिलीपूर्वीं मिळकतीची दुसरी पायरी होती.

याच प्रश्नाची कठोर बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांत दिसते. लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ सालीं त्यांनीं मुंबईस वकिलीस आरंभ केला. त्यांच्याएवढें शिक्षण त्या वेळच्या वकीलवर्गांत फारच थोड्यांचें होतें. परंतु हायकोर्टाच्या मूळ शाखेंतील दावे बॅरिस्टरांना सॉलिसिटरांच्या हातून मिळत, आणि अस्पृश्य समाजांतील बॅरिस्टराकडे काम सोंपविण्यास सॉलिसिटर तयार नसत. म्हणून आंबेडकरांना चरितार्थासाठीं शिकवणीचा आधार घ्यावा लागला. १९२५ पासून तीन वर्षें त्यांनीं बाटलीबॉय यांच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकविला. याच काळांत, १९२६ सालीं, 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यास गाजलेल्या खटल्यांत त्यांनीं आरोपींची बाजू मांडून यश मिळविलें. विद्वत्तेंत उणीव नव्हती, युक्तिवादांत उणीव नव्हती. उणें होतें तें काम आणून देणाऱ्या हातांचें.

कायद्यानें उभारलेले अडसर कायद्यानेंच काढतां येतात, आणि तसे ते निघालेहि. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं ऑक्सफर्ड येथें कायद्याचा अभ्यास केला, तरी स्त्री म्हणून वर्षानुवर्षें त्यांना वकील म्हणून उभें राहतां आलें नाहीं. १९२१ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें त्यांना मान्यता दिली, आणि १९२३ च्या कायद्यानें सर्व देशांतील स्त्रियांस हें दार उघडलें. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टानें प्लीडर-मुखत्यारांच्या जुन्या पायऱ्यांचा शेवट होऊन अॅडव्होकेट हें एकच नांव सर्वांस मिळालें. ३० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, सनदेच्या नोंदणीसाठीं कायद्यांत सांगितलेल्या ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून, अधिक फी राज्यांच्या बार कौन्सिलांनीं घेऊं नये. तोंपर्यंत ठिकठिकाणीं हजारों रुपये घेतले जात असत. म्हणजे सनदेपर्यंतची वाट आतां बरीच मोकळी झाली आहे. अडचण आहे ती सनदेनंतरच्या वाटेंत, आणि ती कोणत्याहि कायद्यांत लिहिलेली नाहीं.

ही न लिहिलेली अडचण मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेंत पद्धतशीरपणें झाला. जॉन हाइन्झ व एडवर्ड लॉमन यांनीं १९७५ सालीं शिकागो शहरांतील ७७७ वकिलांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा ग्रंथ १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच शहरांत, एकाच सनदेखालीं वकिलांचे जणुं दोन गोलार्ध आहेत, असें त्यांना आढळलें. एकांतील वकील मोठ्या कंपन्यांचें काम करीत, दुसऱ्यांतील वकील सामान्य माणसांचें व लहान दुकानदारांचें. एकांतून दुसऱ्यांत जाणारे थोडे. कोण कोणत्या बाजूस जाईल याचा संबंध त्याचा धर्म, त्याचा वंश आणि तो ज्या विद्यालयांत शिकला त्याची प्रतिष्ठा यांच्याशीं होता. पुढें, २००० सालीं वकिलींत शिरलेल्यांचा एक मोठा समूह निवडून अमेरिकेंतील संशोधकांनीं सुमारें बारा वर्षांत तीन वेळां त्यांच्या कामाची व मिळकतीची चौकशी केली. २०२३ सालीं ग्रंथरूपानें आलेल्या निष्कर्षांत दोन गोष्टी ठळक आहेत. वर्ण, लिंग व विद्यालय यांमुळें आरंभीं पडलेलें अंतर पुढें सहसा मिटत नाहीं; आणि असें असूनहि बहुतेकांना वकील झाल्याचा पश्चात्ताप होत नाहीं.

भारतांतील जिल्हा न्यायालयांकडे अशाच दृष्टीनें पाहणाऱ्यांत चार्ल्स मॉरिसन हे एक होत. त्यांनीं अंबाला येथील वकिलांचें जवळून निरीक्षण केलें आणि १९७२ सालीं मुनशी या व्यक्तीवर निबंध लिहिला. मुनशी म्हणजे वकिलाचा कारकून. परंतु नकला करणें व कागद लावणें एवढेंच त्याचें काम नव्हे. खेड्यांतून आलेला माणूस पुष्कळदां प्रथम त्याच्याशींच बोलतो, खर्चाचा अंदाज त्यालाच विचारतो आणि पुढील तारखेची आठवणहि त्याच्याकडूनच घेतो. वकील व अशील यांच्यामधील विश्वासाचा बराचसा भार या मध्यस्थाच्या खांद्यावर असतो.

हें वर्णन अंबाल्याचें असलें, तरी वऱ्हाडांतील श्रोत्यास तें परकें वाटणार नाहीं. तेल्हारा, पातूर किंवा बार्शीटाकळी येथून अकोल्यास आलेल्या माणसाजवळ वकिलाची विद्वत्ता पारखण्याचें साधन नसतें. तो गांवांतील जाणत्यास विचारतो, सोयऱ्यास विचारतो, पूर्वीं ज्यानें दावा जिंकला त्यास विचारतो. अशा विचारपुशींतून जें नांव पुढें येतें, तें बहुधा जुन्या वकिलाचें किंवा त्याच्या मुलाचें असतें. वकिलाच्या घरांत जन्मलेल्या मुलास बापाचीं पुस्तकें, बैठकीची खोली आणि अनुभवी मुनशी हीं तर मिळतातच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास त्याला वारशानें मिळतो. ज्याच्या घरांत वकिली नवी आहे, त्याला हा विश्वास एकेका अशिलागणिक कमवावा लागतो: आज जामिनाचा अर्ज, उद्यां पोटगीचें प्रकरण, परवां भावाभावांतील वांटणीचा दावा. त्यांतहि तो मुलगी असेल, किंवा ज्या जातीचे वकील गांवानें पूर्वीं पाहिले नाहींत अशा जातीचा असेल, तर ही प्रतीक्षा आणखी लांबते.

या प्रतीक्षेचा परिणाम वकिलापाशींच थांबत नाहीं. मार्क गॅलंटर या कायदेपंडितानें १९७४ सालीं एका प्रसिद्ध निबंधांत दाखविलें कीं, न्यायालयांत दोन प्रकारचे पक्षकार येतात. कांहीं आयुष्यांत एखाद्याच वेळीं येतात. कांहीं पुनःपुन्हां येत असतात. भूसंपादनाच्या नुकसानभरपाईसाठीं आलेला शेतकरी पहिल्या प्रकारचा. त्याच्यासमोर उभें असलेलें सरकार, बँक किंवा विमा कंपनी दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्यास नियम पाठ असतात, एक खटला हरला तरी चालतो, आणि मुरलेला वकील कायमचा बांधून ठेवतां येतो. पहिल्यास हें सर्व एकदांच, आणि तेंहि घाईनें मिळवावें लागतें. ज्यांना दुसऱ्या बाजूचें काम मिळत नाहीं, ते तरुण वकील बहुधा याच एकदांच येणाऱ्या माणसाच्या वाट्यास येतात. त्यांतील हुषार पण गरीब वकील तिसऱ्या-चौथ्या वर्षीं धंदा सोडून गेले, तर नुकसान त्यांचें होतें त्याहून अधिक त्या शेतकऱ्याचें होतें. ज्याला त्याचें गांव, त्याची बोली आणि त्याच्या सात-बाराची भानगड ठाऊक होती, असा माणूसच न्यायालयांतून नाहींसा होतो.

जुनीं नातीं हेंच जर वकिलीचें भांडवल, तर जेथें जुनीं नातीं नाहींत तेथें काय होतें, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें एक उत्तर मुंबईनें दिलें आहे. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर तेथें कंपन्यांचें काम करणाऱ्या मोठ्या वकिली संस्था वाढल्या. स्वेथा बालकृष्णन यांनीं या संस्थांचा अभ्यास करून २०२१ सालीं ग्रंथ लिहिला. स्त्रियांस पुढें आणण्याचा कोणताहि हेतु मनांत नसतां या नव्या संस्थांत स्त्रिया मोठ्या संख्येनें वरच्या जागांपर्यंत पोंचल्या, असें त्यांनीं दाखविलें. कामाचा प्रकार नवा होता, जुन्या घराण्यांची मक्तेदारी तेथें बसलेली नव्हती, आणि पहिल्या महिन्यापासून पगार होता. स्वतंत्र वकिलींत नवख्यास जें मिळत नाहीं, तेंच येथें मिळालें. अर्थात् या संस्थांत शिरण्यासाठीं नामांकित विद्यालयाची पदवी व सफाईदार इंग्रजी लागतें, हेंहि विसरतां येत नाहीं.

जिल्ह्याच्या ठिकाणीं असे पगार नाहींत. तरी दोनतीन उपाय हळूहळू आकार घेत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्यें बार कौन्सिल ऑफ इंडियानें अशी शिफारस केली कीं, ज्येष्ठ वकिलांनीं आपल्या हाताखालील नवोदितांस शहरांत दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागांत १५,००० रुपये विद्यावेतन द्यावें. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. आणि जिल्ह्यांतील अनेक ज्येष्ठांची स्वतःची मिळकतहि बेताची असते, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. गरीब आरोपींच्या बचावासाठीं विधिसेवा प्राधिकरणानें २०२२ सालीं जी योजना आंखली, तींत ठराविक मासिक मानधनावर पूर्ण वेळ वकील नेमण्याची तरतूद आहे. नवख्यास पहिले महत्त्वाचे खटले आणि निश्चित मिळकत हीं दोन्ही एकाच वेळीं देणारी ही व्यवस्था आहे.

याच सुमारास प्रतीक्षेच्या वर्षांना एक नवें महत्त्व आलें. २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठीं तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हां लागू केली. हा निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई. त्यांचा जन्म अमरावतीचा. ते १९८५ सालीं वकिलींत आले आणि १९८७ पर्यंत त्यांनीं बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखालीं काम केलें. न्यायाधीशास न्यायालयाचा प्रत्यक्ष अनुभव असावा, हें या अटीमागील तत्त्व योग्यच आहे. परंतु तीं तीन वर्षें कोणी कशीं काढावयाचीं, या प्रश्नाचें उत्तर आतां पूर्वींपेक्षां अधिक निकडीचें झालें आहे. कारण ज्याला तीं काढतां येणार नाहींत, त्याच्यासमोर वकिलीबरोबर न्यायासनाचेंहि दार बंद होईल.

परीक्षा बुद्धि मोजते, सनद अधिकार देते. पण वकील घडतो तो त्यानंतरच्या वर्षांत. तीं वर्षें ज्येष्ठाच्या चांगुलपणावर आणि बापाच्या मिळकतीवर सोडून दिलीं, तर कायद्याचें दार सर्वांस उघडें असूनहि आंत येणारे तेच ते राहतील. जठारपेठेंतील नव्या पाटीवरचा रंग उडण्यापूर्वीं त्या घरांतील मुलगा किंवा मुलगी न्यायालयांत स्थिर होते कीं नाहीं, हा त्या एका घराचा खाजगी प्रश्न खास नव्हे. कोठल्याशा खेड्यांतून सकाळच्या एस्. टी.नें निघालेला, कागदांची पिशवी छातीशीं धरून बसलेला जो माणूस अकोल्यास येत असतो, त्याचा त्यांत मोठा वांटा आहे.