तारुण्य आणि हृदयविकाराचा झटका

हृदयविकाराचा झटका हा वार्धक्याचा आजार आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, छाती दाटून घामाने डबडबलेल्या पस्तिशीच्या माणसालाही घरची मंडळी प्रथम ओवा आणि सोडा देतात, 'पित्त खवळले असेल' असा धीर देतात, आणि उपचारांचा सर्वाधिक गुण ज्या पहिल्या तासात यावयाचा तो तास अशा रीतीने निघून जातो.

वस्तुतः या व्याधीचे बीज फार लवकर पडते. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने करून संशोधक इनॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली जी नोंद प्रसिद्ध केली, तीत सरासरी अवघ्या बावीस वर्षे वयाच्या त्या जवानांपैकी सुमारे ७७ टक्क्यांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराची दृश्य चिन्हे आढळली. आमच्या दक्षिण आशियात तर हा विकार अधिकच उतावीळ आहे. ५२ देशांतील रुग्णांची तुलना करणाऱ्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्यक वय इतरत्र ५९च्या आसपास असताना येथे ते ५३ भरले.

व्यायाम करणारा, सडपातळ माणूस या संकटातून मुक्त आहे, हीही अशीच एक भ्रांती. रोहिणीच्या भिंतीत साठलेला मेदाचा थर प्रवाह फारसा न अडवताही एकाएकी फुटू शकतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते; म्हणूनच महिन्यापूर्वीच्या तपासणीचा निर्दोष दाखला आजच्या वेदनेला उत्तर ठरत नाही. तंबाखू मळून खाणे किंवा मिश्री लावणे यांत धूर नाही म्हणून हृदयाला बाधा नाही, असे मानणाऱ्यांनी चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढतो हे ध्यानी घ्यावे.

करोनाच्या लसीमुळे तरुण मरत आहेत, ही वार्ता गावोगाव पसरली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील ७२९ अकस्मात मृत्यूंची चौकशी केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही, उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. करोनासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले, घरात अकस्मात मृत्यूचा पूर्वेतिहास असलेले, तसेच मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान अथवा अतिश्रम केलेले यांना मात्र धोका अधिक होता. ही चौकशी कारण न उलगडलेल्या अकस्मात मृत्यूंची होती, केवळ हृदयविकाराच्या झटक्यांची नव्हे, एवढे भान ठेवावे.

पहिला हृदयालेख (ईसीजी) निर्दोष आला म्हणजे रुग्णाला घरी न्यावयास हरकत नाही, हा समज माझ्या मते सर्वांत घातक होय. आरंभी हा आलेख स्वच्छ येऊ शकतो, आणि म्हणून तो काही वेळाने पुन्हा काढून ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयस्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी करणे अगत्याचे असते. जोरजोराने खोकून झटका परतवता येतो, या सल्ल्यास वैद्यकशास्त्राचा आधार नाही. झटक्याची शंका येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, स्वतः वाहन हाकू नये. गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून दूरच्या आरोग्यकेंद्रांतच हृदयालेख काढण्याची व गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तशी प्रत्येक तालुक्यास लाभली पाहिजे. ज्यांच्या वडिलांना वा भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आईला वा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, त्यांनी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी चाळिशीची वाट न पाहता विशीतच करून घ्यावी.