कासवाच्या पाठीवरचा विदर्भ

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये इ. स. १३०० च्या सुमाराचा जगाचा एक नकाशा आहे. वासराच्या एका अख्ख्या कातड्यावर काढलेला. मधोमध यरुशलेम, आणि वरच्या बाजूला उत्तरेऐवजी पूर्व. त्या पूर्वेत, आपल्या देशाच्या जागी, एक माणूस दिसतो. त्याला पाय एकच, तोही एवढा मोठा की उन्हात तो डोक्यावर छत्रीसारखा धरता यावा. दक्षिणेच्या कडेने, आफ्रिकेच्या काठाला, मुंडकं नसलेली आणि छातीतच डोळे-तोंड असलेली माणसं ओळीने उभी आहेत.

ही चित्रं युरोपच्या डोक्यातून निघाली, असं आपण सहज समजतो. त्यांतली बरीच तिकडे गेली ती ग्रीकांच्या भारतवर्णनांतून. क्टेसियस हा इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य भारतात कधी आलाच नाही. तरी त्याने इथल्या डोंगरांत कुत्र्याच्या तोंडाची माणसं बसवली. मेगॅस्थिनिस मात्र चंद्रगुप्ताच्या दरबारी पाटलिपुत्रात राहून गेला. पायापर्यंत लोंबणारे कान अंथरून झोपणाऱ्या लोकांबद्दल त्याने लिहिलं. हे लोक आपल्याकडेही ओळखीचे होते. महाभारताच्या सभापर्वात सहदेव दक्षिण दिग्विजयाला निघतो, तेव्हा जिंकलेल्यांच्या यादीत कर्णप्रावरण, म्हणजे कानच पांघरणारे, येतात आणि एका पायाचे वनवासीही येतात. पाटलिपुत्रात कानावर आलेली गोष्ट पाहुण्याने लिहून घेतली आणि दीड हजार वर्षांनी ती इंग्लंडातल्या कातड्यावर उमटली, असंच मला दिसतं.

आपल्या पूर्वजांनी कातड्यावर नकाशा काढला नाही, पण मांडणी केली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कूर्मविभाग नावाचा अध्याय आहे. देश म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेलं कासव. त्याचे नऊ भाग, प्रत्येकाला तीन-तीन नक्षत्रं, मध्यभागी मध्यदेश. नक्षत्राला पापग्रहाची पीडा झाली की त्या भागातल्या लोकांवर संकट, असा त्याचा उपयोग. या यादीत काशी, मगध, कोसल यांच्या शेजारी वाघतोंडे, घोडतोंडे, सुपाएवढ्या कानांचे, एका पायाचे आणि माणूसखाऊ लोक अगदी गंभीरपणे नोंदलेले आहेत.

आणि विदर्भ? तो आश्लेषा, मघा, पूर्वा या नक्षत्रांखाली आग्नेयेला आहे. कलिंग, आंध्र, चेदी हे शेजारी ओळखीचे. पण त्याच दिशेत ऊर्ध्वकंठ, व्यालग्रीव, महाग्रीव, म्हणजे वर मान केलेले, सापासारख्या मानेचे आणि दांडग्या मानेचे लोकही आहेत. निषादांचं राष्ट्र आहे, उघडे आणि पानं नेसणारे शबर आहेत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझा बुलढाणा आज मला जगाच्या मध्यावर वाटतो. अवंतीत बसून लिहिणाऱ्या त्या ज्योतिषाला मात्र इकडची वाट सापमान्यांच्या दिशेने जाणारी वाटली.

आमच्या जिल्ह्याने स्वतःचे राक्षसही सांभाळले. मेहकरचा मेघंकर शार्ङ्गधराने मारला, असं सांगतात. लोणारचा लवणासुर तर सर्वांना ठाऊक आहे. तो जमिनीखालच्या गुहेत राहायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने गुहेचं झाकण उडवलं, ते दूर जाऊन ढाकेफळची टेकडी झालं, आणि सरोवराचं पाणी म्हणजे त्या दैत्याचं रक्त, क्षार म्हणजे त्याचं मांस. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात विष्णू त्या दैत्याला पायाखाली घेऊन उभा आहे. पुराणांच्या भूगोलात जंबुद्वीपाभोवतीचा पहिला समुद्र लवणाचाच. उसाच्या रसाचे, दह्या-दुधाचे समुद्र त्याच्यापलीकडे. समुद्रापासून इतक्या आत, काळ्या दगडाच्या खोल वाटीत खारं पाणी पाहिल्यावर जुन्या माणसांनी दैत्य कल्पिला, यात मला अडाणीपणा दिसत नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर उल्काघाताने झालं, हे दगडांच्या तपासणीतून १९७३ साली पक्कं झालं. त्याआधी कितीतरी वर्षं साहेबाचे भूशास्त्रज्ञ ज्वालामुखीच धरून बसले होते. आकाशातून काही येऊन जमीन उघडी पडली, एवढं तरी कथेत बरोबर होतं.

राक्षसाशिवायही लोणारकडे पाहता येतं, हे अबुल फझलने सोळाव्या शतकाअखेर दाखवलं. ऐन-ए-अकबरीत मेहकर सरकारच्या वर्णनात तो सांगतो की ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, पाणी खारं आहे, इथे काच आणि साबणाचा माल मिळतो, सोऱ्यातून महसूल येतो. डोंगरावरच्या, तोंडाशी बैल कोरलेल्या झऱ्याचीही त्याने नोंद केली. तीच आपल्या लोणारची धार. क्षार काढणारे लोक तर दल्ला, पापडी, भुसकी अशा वेगवेगळ्या नावांनी त्याची प्रत ओळखत. ज्यांचे हात त्या चिखलात होते, त्यांच्याकडे दैत्याच्या मांसालाही नेमके शब्द होते.

म्हणून मला सापमान्यांपेक्षा त्यांच्या शेजारी लिहिलेल्या निषाद-शबरांची जास्त काळजी वाटते. ते खरे होते. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोदच्या वर सातपुड्यात, निहाल लोक राहतात. त्या यादीतले लोक ते हेच, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण इंग्रजी अमदानीतल्या कागदांतही निहालांची ओळख लुटारू अशीच झाली. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर याने १९६२ साली त्यांच्या निहाली भाषेवर पुस्तक लिहिलं. तिच्यात कोरकूचे शब्द पुष्कळ, मराठी-हिंदीचेही आहेत, पण साधारण चौथा हिस्सा शब्द जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जुळत नाहीत. ही चोरट्यांची सांकेतिक बोली असावी, अशी शंका त्यालाही आली होती. आज भाषाशास्त्रज्ञ तिला स्वतंत्र, एकाकी भाषा मानतात. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास, आणि युनेस्कोच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे.

लोणारला २०२० मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. निहालीसाठी मात्र एवढं मोठं काही लागत नाही. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या डोंगरपट्ट्यात नेमणूक झालेल्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: वर्गातल्या निहाल मुलाला पाणी, चूल, आई, पाऊस यांना घरी काय म्हणतात ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्याच्या आजीला शाळेत बोलवा.