चीनचे विमान उडाले, पण शिक्षण झाले ते हँगरमध्ये

28 मे 2023 रोजी शांघायहून एक विमान बीजिंगला गेले. प्रवास दोन-अडीच तासांचा, त्यात वेगळे असे काहीच नाही. तरी बातमी जगभर झाली, कारण ‘सी919’ हे विमान चीनच्या ‘कोमॅक’ या सरकारी कंपनीने बनवले होते. दीड-दोनशे प्रवासी नेणाऱ्या विमानांचा बाजार अनेक वर्षे बोइंग आणि एअरबस या दोनच कंपन्यांच्या हातात आहे. तिथे आता तिसरे नाव आले.

पण ही मजल एका उडीत गाठलेली नाही. ती समजून घ्यायची तर आपल्याला कारखान्याआधी हँगरमध्ये, म्हणजे विमाने दुरुस्त होतात त्या जागी जावे लागेल.

देखभाल म्हणजे नेमके काय?

आपण मुंबईहून जेद्दाहला निघतो तेव्हा पायलट दिसतो, एअर होस्टेस दिसते. विमान उडण्यालायक आहे, अशी सही करणारा इंजिनिअर मात्र आपल्याला दिसत नाही. त्याची सही नसेल तर विमान जागचे हलत नाही.

रोजची तपासणी विमानतळावरच होते. साधारण दीड-दोन वर्षांनी विमान काही दिवस हँगरमध्ये जाते. आणखी काही वर्षांनी मोठी तपासणी येते. तेव्हा आतल्या सीटा, भिंती, फरशी सगळे काढून सांगाड्याला कुठे तडा किंवा गंज आहे का, ते पाहिले जाते. यात महिनाभर सहज जातो. इंजिनाचे काम तर वेगळ्याच कारखान्यात होते.

हे काम कुणीही हाती घ्यावे असे नाही. विमान ज्या देशात नोंदवलेले असेल, त्या देशाच्या विमान खात्याची मान्यता हँगरला लागते. अमेरिकेचे किंवा युरोपचे विमान दुरुस्त करायचे असेल तर तिथले तपासनीस येऊन एकेक कागद बघून जातात.

चीन हे शिकला कसा?

1980 मध्ये संपूर्ण चीनमध्ये वर्षाला सुमारे 34 लाख लोक विमानाने फिरत. विमाने चालवणारे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे सरकारी खाते एकच होते. त्याच वर्षी शांघायमध्ये बनवलेले ‘वाय-10’ हे विमान उडाले. उडाले खरे, पण प्रवाशांच्या सेवेत कधी आलेच नाही. काही वर्षांत तो प्रकल्प गुंडाळला गेला.

मग चीनने दुसरी वाट धरली. सगळे एकट्याने करण्याऐवजी ज्यांना येते त्यांना भागीदार केले. शांघायमध्ये अमेरिकेच्या मॅकडोनल डग्लस कंपनीची विमाने जोडली जाऊ लागली. 1989 मध्ये एअर चायना आणि जर्मनीची लुफ्थान्सा यांनी मिळून बीजिंगमध्ये ‘अमेको’ ही देखभाल कंपनी काढली. त्याच काळात गुआंगझोऊमध्ये ‘गामेको’ उभी राहिली. शियामेनमध्ये हाँगकाँगच्या ‘हॅको’ कंपनीने मोठे हँगर बांधले. तिथे पुढे जुनी प्रवासी जंबो विमाने मालवाहू करण्याचेही काम झाले. झुहाईमध्ये 2001 पासून जर्मन कंपनी ‘एमटीयू’ आणि चायना सदर्न यांनी मिळून इंजिन दुरुस्तीचे केंद्र उभे केले. 2008 मध्ये तिआनजिनला एअरबसचा विमान जोडणीचा कारखाना सुरू झाला. कोमॅकची स्थापनाही त्याच वर्षीची.

म्हणजे सी919 येण्याआधी जवळपास तीस वर्षे चिनी कारागीर दुसऱ्यांची विमाने उघडत होते, जोडत होते आणि त्यांवर सही करण्याची लायकी कमावत होते. 2024 मध्ये चीनमधल्या विमान प्रवाशांची संख्या 73 कोटींवर गेली. एवढ्या प्रवाशांसाठी हजारो विमाने लागतात आणि त्यातले प्रत्येक कधी ना कधी हँगरमध्ये येतेच. हुनर शिकायला काम लागते. ते काम चीनला घरातच मिळाले.

मग अडते कुठे?

अडते इंजिनात. सी919 ला बसवलेले ‘लीप’ इंजिन अमेरिका आणि फ्रान्सच्या भागीदारीतल्या कंपनीचे आहे. इतर अनेक महत्त्वाचे भागही बाहेरून येतात. 2025 मध्ये व्यापारी भांडण पेटले तेव्हा अमेरिकेने कोमॅकला जाणाऱ्या इंजिन-तंत्रज्ञानावर बंदी घातली. जुलैमध्ये ती उठली, पण नाडी कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना कळून चुकले. चीन ‘सीजे-1000ए’ हे स्वतःचे इंजिन तयार करतो आहे.

दुसरी अडचण भरवशाची. कोमॅकचे छोटे विमान 2023 पासून इंडोनेशियाची ‘ट्रान्सनुसा’ ही कंपनी वापरते आहे. परदेशी कंपनी विमान घेते ते वीस-पंचवीस वर्षांसाठी. म्हणून ती किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारते : आमच्या गावात रात्री दोन वाजता विमान बिघडले, तर सुटा भाग कोण देणार आणि दुरुस्त कोण करणार? बोइंग-एअरबसकडे याचे उत्तर आहे, कारण त्यांची विमाने उघडून बसवणारे हात जगभर तयार आहेत. कोमॅकला ते हात आता देशोदेशी तयार करावे लागतील.

चीनने किती विमाने विकली याच्या बातम्या येत राहतील. आपण त्या वाचताना एवढेच पाहावे, की ती विमाने दुरुस्त करणारे हँगर चीनबाहेर किती उभे राहिले. खरी प्रगती त्यावरूनच कळेल.