लेखणीची शिलेदारी

मराठ्यांच्या घोडदळांत स्वार दोन प्रकारचे असत. बारगिराला घोडा व हत्यार सरकारांतून मिळे; शिलेदार आपला घोडा आणि आपलें हत्यार घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा मान मोठा आणि वेतनहि बारगिराहून अधिक. पण मोहिमेंत घोडा मेला तर तें नुकसान त्याचें त्यालाच सोसावें लागे. 'फ्रीलान्स' हा जो इंग्रजी शब्द आज सर्रास कानीं पडतो, त्याचा उगमहि अशाच स्वारांत आहे. सर वॉल्टर स्कॉटनें १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'आयव्हॅनहो' या कादंबरींत, कोणाहि एका धन्याशीं न बांधलेल्या भाडोत्री भालाइतांसाठीं तो योजिला. पुढें भाला गेला आणि त्याच्या जागीं लेखणी आली. कोणत्याहि कचेरीच्या हजेरीपटावर नांव नसलेला, कामागणिक पैसे घेणारा लेखक, असा लेखनाच्या धंद्यांत आज त्याचा अर्थ आहे.

इंटरनेटनें या शिलेदारीचें क्षेत्र पुष्कळच विस्तृत केलें. पुण्याच्या एखाद्या पेठेंत बसलेली पदवीधर मुलगी लंडनमधील दुकानदाराच्या गालिच्यांचें वर्णन लिहिते, नागपूरचा एखादा निवृत्त शिक्षक औषधाच्या डबीवरील सूचना मराठींत उतरवितो, आणि दोघांचेहि पैसे बँकेंत जमा होतात. त्यामुळें पुष्कळ घरांतून असा समज झाला आहे कीं, ज्याला बरें लिहितां येतें त्याला घरबसल्या उत्पन्न सुरू होण्यास आठ-पंधरा दिवस पुरेत. या समजापायीं कित्येकजण हातची नोकरी सोडून बसतात, आणि सांठविलेली पुंजी संपत आल्यावर त्यांना घोड्याच्या खर्चाचा हिशेब सुचतो.

तो हिशेब आधींच केलेला बरा. नवख्या लेखकाची पहिली गांठ पडते ती कामाच्या बाजारपेठांशीं. अमेरिकेंत १९९९ सालीं ईलान्स व २००३ सालीं ओडेस्क अशा दोन कंपन्या निघाल्या. पुढें त्यांचें एकीकरण होऊन २०१५ पासून ती संस्था अपवर्क या नांवानें चालते. इस्राएलमध्यें २०१० सालीं निघालेली फायव्हर ही दुसरी. अपवर्कवर मुख्यतः गिऱ्हाईक आपलें काम जाहीर करतें आणि लेखक त्यावर अर्ज करतात. फायव्हरवर लेखक आपलें दुकान मांडून बसतो आणि गिऱ्हाईक येऊन निवड करतें. फायव्हरवर आरंभीं कामाचा दर ५ डॉलर असे, आणि तिचें नांवहि त्यावरूनच पडलें. दोघींचा संसार दलालीवर चालतो. फायव्हर लेखकाच्या कमाईंतून शेंकडा २० कापून घेते. अपवर्कचा दर वेळोवेळीं बदलत आला आहे. २०१६ पासून तो एका गिऱ्हाइकाकडील पहिल्या ५०० डॉलरांवर २० टक्के व पुढें कमी होत जाणारा असा होता. २०२३ मध्यें तो सरसकट १० टक्के झाला. २०२५ पासून कामाप्रमाणें शून्य ते १५ टक्के असा झाला.

शिवाय अपवर्कवर अर्ज करण्यासहि पैसे पडतात. थोडीं तिकिटें फुकट मिळतात. तीं संपलीं म्हणजे विकत घ्यावीं लागतात, आणि २०१९ सालीं त्यांचा दर प्रत्येकीं १५ सेंट असा ठरला. समजा, एका अर्जास अशीं १० तिकिटें लागलीं, आणि विसावा अर्ज मान्य होऊन ५० डॉलरांचें काम हातीं आलें. अर्जांवर ३० डॉलर गेले, दलाली १० टक्के धरली तर आणखी ५ गेले, उरले १५. त्यांतून डॉलरांचे रुपये करण्याचा खर्च निघावयाचा. वीस अर्ज लिहिण्यांत ज्या संध्याकाळी गेल्या त्या तर येथें मोजलेल्याच नाहींत.

विसावा अर्ज मान्य झाला तर एकोणीस कां नाकारले गेले? लेखन वाईट होतें म्हणून, असें नवख्यास वाटतें आणि तो खचतो. बहुधा तें लेखन कोणीं वाचलेलेंच नसतें. एका कामासाठीं पुष्कळ अर्ज येतात; गिऱ्हाइकाला प्रत्येकाची पारख करण्यास सवड नसते, म्हणून पूर्वीच्या गिऱ्हाइकांनीं दिलेले अभिप्राय व तारे पाहून तें मोकळें होतें. अभिप्राय नाहीं म्हणून काम नाहीं, आणि काम नाहीं म्हणून अभिप्राय नाहीं, अशी ही कोंडी आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं ओडेस्कवर तिचा प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला. त्याचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. माहिती टंकून भरण्याच्या साध्या कामासाठीं अर्ज करणाऱ्यांतून ९५२ जणांना त्यांनीं चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडलें, काम दिलें आणि त्यावर अभिप्राय नोंदविला. या निवडलेल्यांतील नवख्यांना, न निवडलेल्या नवख्यांच्या मानानें, पुढें अधिक कामें मिळालीं व त्यांची मिळकतहि वाढली. निवड चिठ्ठीनें झालेली असल्यामुळें दोन्ही गटांचे गुण सरासरीनें सारखेच होते. अंतर पडलें तें पहिल्या कामाचें व त्यावरील अभिप्रायाचें. हा प्रयोग लेखकांवर केलेला नव्हता, तरी लेखकांच्या बाजारांतहि दाराला कडी तीच आहे.

म्हणून नवखा लेखक पहिला अभिप्राय विकत घेतल्याप्रमाणें अगदीं हलक्या दरानें काम पत्करतो. दोन-तीन कामांपुरतें यांत वावगें कांहीं नाहीं. घोटाळा होतो तो तोच दर पुढें चालू राहिल्यानें. मजकूर पुरविणाऱ्या कित्येक मध्यस्थ कंपन्या शब्दागणिक पैशांत मोबदला देतात. शब्दाला ३० पैसे मिळाले तर १००० शब्दांच्या लेखाचे ३०० रुपये झाले. माहिती गोळा करण्यास २ तास, लिहिण्यास २ आणि दुरुस्तीस १ तास लागला म्हणजे तासाला ६० रुपये पडले. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हें आधीं ठरविलेलें नसेल तर पांचाचे आठ तास होण्यास वेळ लागत नाहीं, आणि मग तासाचा दर ४० रुपयांच्याहि खालीं जातो. साहित्याची आवड असलेल्यांना ही आंकडेमोड रुक्ष वाटते. परंतु सॅम्युएल जॉन्सन १७३७ सालीं लंडनला आला तेव्हां त्यालाहि मासिकांसाठीं पानेंच्या पानें लिहूनच पोट भरावें लागलें, आणि 'लंडन' हें आपलें काव्य त्यानें १७३८ सालीं १० गिन्यांस विकलें.

फसवणुकीचा प्रकार निराळा, आणि तो सुशिक्षितांनाहि भोंवतो. 'नमुना म्हणून एक लेख लिहून पाठवा' असें सांगून दहा अर्जदारांकडून दहा निरनिराळ्या विषयांवर लेख मागवावयाचे, सर्वांना नकार कळवावयाचा, आणि ते दहाहि लेख छापून मोकळें व्हावयाचें, ही युक्ति जुनी झाली तरी अजून चालते. पूर्वीं लिहिलेला लेख दाखवावा, किंवा नमुन्याचेहि पैसे मागावे, हाच त्यावर उतारा. काम देण्यापूर्वीं नोंदणीच्या वा अनामत रकमेच्या नांवाखालीं पैसे मागणारा काम देणारा नसतो, हें निरपवाद धरून चालावें. घरबसल्या टंकलेखनाचें काम म्हणून करारपत्रावर सही घ्यावयाची, मग मजकुरांत चुका अधिक झाल्या असें सांगून वकिलाच्या नोटिशीची भीति घालावयाची व दंड उकळावयाचा, असाहि एक धंदा आपल्याकडे चालतो. भीतीपोटीं पैसे भरणारीं घरें थोडीं नाहींत. अशा वेळीं पैसे न भरतां १९३० या राष्ट्रीय दूरध्वनि-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असल्यास जितक्या लवकर कळवावें तितकी ते अडवून धरतां येण्याची आशा अधिक.

या सर्वांवर ३० नोव्हेंबर २०२२ पासून एक नवीन गोष्ट आली. त्या दिवशीं चॅटजीपीटी लोकांस खुलें झालें, आणि गालिच्याचें वर्णन किंवा 'उन्हाळ्यांत घ्यावयाची काळजी' अशा जातीचा मजकूर क्षणांत व जवळजवळ फुकट मिळूं लागला. नवखे लेखक ज्या पायरीवर प्रथम पाय ठेवीत ती पायरी हीच. अपवर्कवरील कामांचा २०२३ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत यंत्राची झळ लागलेल्या लेखनादि व्यवसायांतील लोकांची कामें सुमारें २ टक्क्यांनीं व मासिक मिळकत सुमारें ५ टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें. आणि तो हिशेब पहिल्या कांहीं महिन्यांचाच होता. दुसरी अडचण अधिक बोंचणारी आहे. स्वतः लिहिलेला लेखहि यंत्राचा आहे असा आरोप लेखकावर येतो, कारण गिऱ्हाईक तो ओळखण्याच्या दुसऱ्या एका यंत्रांतून घालून पाहतें. स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२३ सालीं अशीं सात साधनें तपासलीं. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नव्हे अशा विद्यार्थ्यांचे निबंध त्यांत सरासरीनें निम्म्याहून अधिक वेळां यंत्राचे ठरविले गेले. साधी वाक्यें आणि ठराविक शब्द यांमुळें असें होतें. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनें तर आपलें असें साधन, तें पुरेसें अचूक नाहीं म्हणून, जुलै २०२३ मध्यें मागें घेतलें. मराठी घरांत वाढून इंग्रजींत लिहिणाऱ्यानें म्हणून आपले कच्चे खर्डे व टिपणें तारीखवार जपून ठेवावीं. आरोप आल्यास दाखविण्यास दुसरा पुरावा नसतो.

काम झालें, पसंत पडलें आणि पैसे मात्र येत नाहींत, अशा वेळीं कायदा लेखकाच्या बाजूस बराच आहे, पण तो माहीत असणारे थोडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें नोकर नसलेला लेखक हाच सामान्यतः आपल्या लेखाचा पहिला मालक. ती मालकी दुसऱ्यास द्यावयाची तर लेखी व सहीचा दस्तऐवज लागतो. त्यांत मुदत लिहिलेली नसेल तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, असें समजलें जातें. मात्र बाजारपेठांच्या नियमावलींत पैसे मिळतांच सर्व हक्क गिऱ्हाइकाकडे जातील असें कलम बहुधा असतें. 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवण्यापूर्वीं तें वाचावें. गिऱ्हाईक भारतांतील असेल तर २००६ चा सूक्ष्म व लघु उद्योगांविषयींचा कायदा उपयोगीं पडतो. लेखकानें स्वतःची 'उद्यम' नोंदणी केलेली असल्यास त्याचें बिल जास्तींत जास्त ४५ दिवसांत चुकतें करावें लागतें, आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज द्यावें लागतें. ही नोंदणी फुकट होते. परदेशांतील गिऱ्हाइकावर मात्र याचा कांहीं उपयोग नाहीं. तेथें निम्मे पैसे आगाऊ घेणें, किंवा बाजारपेठेच्या ठेवींत रक्कम जमा झाल्याचें पाहूनच लिहावयास बसणें, एवढाच मार्ग. बाजारपेठ सोडून परभारें व्यवहार करूं, दलाली वांचेल, असें एखादें अनोळखी गिऱ्हाईक पहिल्याच दिवशीं सुचवूं लागलें तर तें कां, हें ओळखण्यास फार बुद्धि लागत नाहीं.

राहिला प्रश्न कशाविषयीं लिहावें याचा. 'कोणत्याहि विषयावर लिहून मिळेल' अशी पाटी लावणाऱ्याची गांठ आतां थेट यंत्राशीं पडते, आणि यंत्र भूक लागली म्हणून दर वाढवून मागत नाहीं. ज्याच्यापाशीं लेखनाखेरीज दुसरें एखादें ज्ञान आहे त्याची गोष्ट निराळी. प्रयोगशाळेंत काम केलेली बाई रक्ततपासणीच्या अहवालांविषयीं लिहिते, सहकारी बँकेंत वीस वर्षें काढलेला गृहस्थ कर्जाच्या अर्जांविषयीं लिहितो, शेतकी पदवीधर द्राक्षांच्या छाटणीवरील इंग्रजी पुस्तिका नाशिककडील बागाइतदारांना कळेल अशा मराठींत आणतो. अशा माणसाला नोकरी चालू असतांनाच दोन-चार लेख तयार करून ठेवतां येतात, आणि वीस अनोळखी अर्जांऐवजीं आपल्याच जुन्या कचेरीच्या ओळखींतून पहिलें गिऱ्हाईक शोधतां येतें. तेथें तारे कोणी विचारीत नाहीं, आणि दराचें बोलणें शब्द मोजून सुरू होत नाहीं.