पाहुण्याला आधीं सांगावयाच्या गोष्टी

सुटीचे चार दिवस गांवाबाहेरच्या घरांत घालवावेत, ही हौस शहरांतील कुटुंबांत आतां चांगलीच रुळली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून शेतकऱ्यांसही या व्यवसायाची वाट मोकळी झाली. परंतु या व्यवहाराची एक खोड आहे. पाहुणा घर पाहून पैसे देत नाहीं. घराविषयीं जें सांगितलें जातें, त्यावर विश्वास ठेवून देतो. दुरून डोंगर साजरेच दिसतात. म्हणून धन्यानें आधीं काय सांगावें, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नसून व्यवहाराच्या मुळाशींच असलेला आहे.

एक उदाहरण घेऊं. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधारानें वसलेलें अंकुशनगर आहे. त्या परिसरांतील एखाद्या शेतकऱ्यानें आपलें मळ्यांतील घर हुरड्यासाठीं येणाऱ्या शहरी मंडळींस देण्याचें योजिलें, असें समजूं. ज्वारीचीं कणसें हुरड्यास येतात तीं साधारणतः डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. आणि उसाचा गळीत हंगामही त्याच दिवसांत भरांत असतो. उसानें भरलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रींही रस्त्यानें चालत असतात, वारा फिरला कीं मळीचा आंबूस वास येतो. अशा वेळीं 'निवांत खेडें' एवढेंच लिहून घर दिलें, तर पहिल्याच रात्रीं पाहुण्यास आपण फसलों असें वाटेल. उलट, 'हंगाम चालू आहे, रात्रीं गाड्यांचा आवाज येईल. मुलांना मात्र उसाच्या गाड्यांची रांग पाहावयास मिळेल,' असें आधींच कळविलें, तर तोच आवाज त्या गांवच्या वैशिष्ट्यांत जमा होतो. उणीव तीच, आधीं सांगितली तर माहिती, मागाहून कळली तर फसवणूक.

हुरड्याचेंही तसेंच आहे. पेरणी लांबली तर हुरडाही लांबतो. म्हणून दिवस ठरवितांना, पीक तयार नसल्यास पैसे परत मिळतील कीं दुसरी तारीख मिळेल, हें स्पष्ट करून ठेवावें.

सांगतांना मोघम विशेषणें टाळून मोजमाप द्यावें. 'जवळच' म्हणजे किती, याविषयीं खेड्यांतील व शहरांतील माणसांचें एकमत होत नाहीं. माथेरानास मोटारी दस्तुरीच्या नाक्यापाशीं थांबतात. तेथून गांव सुमारें अडीच-तीन किलोमीटर. हा मजकूर ज्यास आधीं कळतो, तो हलकें सामान घेऊन व घोड्याची किंवा छोट्या आगगाडीची सोय पाहून निघतो. ज्यास कळत नाहीं, तो नाक्यावर ट्रंका उतरवून धन्याच्या नांवानें बोटें मोडतो. मळ्यांतील घराविषयींही डांबरी रस्ता कोठें संपतो, पाणी विहिरीचें कीं टँकरचें, वीज गेल्यास दुसरी सोय कोणती, मोबाइलास रेंज मिळते कीं नाहीं, हें सांगावें. शौचकूप अंगणापलीकडे असल्यास तें तर अवश्य सांगावें. गुडघे दुखणाऱ्या आजीला थंडींत रात्रीं कंदील घेऊन अंगण ओलांडावें लागणार असेल, तर तें कुटुंबास घरीं असतांनाच कळलें पाहिजे. तेथें पोंचल्यावर नव्हे.

हा नुसता सुजनतेचा भाग नाहीं. अशा थोड्या दिवसांच्या मुक्कामाचा करार कायद्याच्या दृष्टीनें बहुधा भाडेपट्टा नसून परवाना ठरतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणें, जागेंतील जें वैगुण्य परवाना घेणाऱ्याच्या जिवास वा मालमत्तेस अपायकारक होण्याजोगें आहे व जें मालकास ठाऊक असून त्यास ठाऊक नाहीं, तें उघड करणें मालकावर बंधनकारक आहे. कठडा नसलेली विहीर किंवा उघडी पडलेली विजेची तार यांविषयीं मौन पाळणें म्हणजे दुसऱ्याच्या लेंकरांच्या जिवाशीं खेळणें होय.

मात्र खरेपणा एकतर्फी असून चालत नाहीं. सहा माणसें सांगून अकरा घेऊन येणारा पाहुणाही फसवणूकच करतो; कारण पाणी, अंथरुणें व भाकऱ्या सहांच्या हिशेबानें योजिलेल्या असतात. म्हणून माणसांची संख्या, जेवणाची पद्धत, येण्याजाण्याची वेळ व अनामत रकमेचा नियम हीं दोहोंकडून लेखी ठरलेलीं बरीं.

खरें सांगितल्यानें कांहीं गिऱ्हाइकें परत फिरतील, हें नाकारतां येणार नाहीं. पण जीं फिरतील, तीं येऊनही नाराजच झालीं असतीं. जीं येतील, तीं घराचे गुणदोष जाणून येतील. त्यांच्या अपेक्षेहून चार घांस अधिकच त्यांच्या पानांत पडतील. वर्षांतून मोजक्याच मिळणाऱ्या सुटीचे दिवस एका कुटुंबानें विश्वासानें दुसऱ्याच्या हवालीं केलेले असतात. त्या विश्वासास जपणारें घर पुढच्या हंगामांतही रिकामें राहत नाहीं.